ज्वारीची भाकरी सुरू करूनही साखर आणि वजन का उतरत नाही?

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं : वय ४७, उंची पाच फूट पाच इंच, वजन ८२ किलो. सहा महिन्यांपूर्वी मधुमेह निघाला, एचबीए१सी (लाल पेशींना चिकटलेल्या साखरेवरून गेल्या तीनेक महिन्यांची सरासरी सांगणारी तपासणी) ८.२ आला आणि गोळी सुरू झाली. चहातली साखर सोडली, गहू आणि भात बंद करून दोन्ही वेळा ज्वारीची भाकरी धरली. तरी वजन जागचं हललेलं नाही आणि एचबीए१सी आठाच्या खाली आलेला नाही. आहारात काय चुकतंय, आणि गोळी कधी सुटेल का, असं तुम्ही विचारलंय.

मी सोलापुरात आहारतज्ज्ञ म्हणून काम करते. हीच तक्रार घेऊन येणारी माणसं आमच्याकडे सतत असतात, कारण हा ज्वारीचा मुलूख आणि 'साखर आहे ना, मग भाकरी खा' हा सल्ला इथे घराघरात मिळतो. सल्ला वाईट नाही, अर्धा आहे. भाकरी किती, हे कोणी सांगत नाही.

माझ्या टेबलावर स्वयंपाकघरातला छोटा वजनकाटा असतो. पहिल्या भेटीनंतर मी एकच काम देते : घरी जे भाकरी थापतात त्यांनी नेहमीच्या अंदाजाने एका भाकरीचं पीठ घ्यायचं आणि पुडीत बांधून आणायचं. मागे अक्कलकोटकडचं एक जोडपं आलं होतं. बाईंनी पुडी सोडली, पीठ काट्यावर ओतलं, आकडा ९४ ग्रॅमवर थांबला. "एकच खातात हो हे, लई तर दीड," त्या म्हणाल्या. ९४ ग्रॅम ज्वारीच्या पिठात साधारण ६५ ग्रॅम पिष्ट (कार्बोहायड्रेट) असतं. घरची मध्यम चपाती ३० ग्रॅम कणकेची धरली तर तिच्यात २० ग्रॅमच्या आसपास. म्हणजे त्यांची एक भाकरी तीन चपात्यांएवढी, आणि दीड भाकरी साडेचारांहून थोडी जास्तच. साखर निघण्याआधी हे गृहस्थ जेवणात तीन चपात्या खायचे. पथ्य सुरू केलं आणि पिष्ट दीडपट झालं. कडक भाकरीचं तर आणखी अवघड, ती पातळ आणि कुरकुरीत असल्यामुळे तीन-चार कधी संपल्या ते कळत नाही.

ज्वारी चांगलीच आहे, मी स्वतः तीच खाते. पण तिचं पीठही पचून शेवटी ग्लुकोजच होतं. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, मधुमेहावरच्या देशव्यापी 'इंडिॲब' पाहणीतून २०२५ मध्ये आपल्या जेवणाबद्दल जे प्रसिद्ध झालं ते मी प्रत्येकाला सांगते. आपल्या रोजच्या उष्मांकांतले सरासरी ६२ टक्के पिष्टमय पदार्थांतून येतात. मैदा आणि पांढरा तांदूळ सोडून अख्खा गहू किंवा भरडधान्य घेतलं, पण एकूण पिष्ट तेवढंच ठेवलं, तर मधुमेहाचा धोका कमी झालेला त्यात दिसला नाही. पिष्टाचा थोडासा भाग काढून त्या जागी डाळी-कडधान्यांची किंवा दूधदुभत्याची प्रथिनं आली, तिथे धोका कमी दिसला. तुमच्या प्रश्नाचं उत्तर माझ्या मते इथेच आहे. धान्य बदललंय, ताट बदललेलं नाही.

तर आधी भाकरीचं पीठ मोजा. ४० ग्रॅमची भाकरी थापता येते, हाताला सवय व्हायला चार दिवस लागतात. तशी एक भाकरी एका जेवणाला पुरे. पण भाकरी कमी करून त्या जागी काहीच वाढवलं नाही तर दुपारी चारला जीव कासावीस होतो आणि हात फरसाणाच्या डब्याकडे जातो. नुसतं 'कमी खा' सांगितलेली माणसं टिकत नाहीत, ती याच कारणाने.

त्या जागी प्रथिनं आणि भाजी हवी. तुमच्या वजनाला दिवसाला साठ-सत्तर ग्रॅम प्रथिनं मिळाली पाहिजेत. (मूत्रपिंडाचा त्रास नसेल तर, क्रिएटिनिन आणि लघवीतलं अल्ब्युमिन तपासलं नसेल तर आधी ते करा.) आपल्याकडे वरण म्हणजे प्रथिनं असा समज आहे, पण पातळ वरणाच्या वाटीत जेमतेम पंचवीस ग्रॅम डाळ असते, तिच्यातून पाच-सहा ग्रॅमच मिळतात. मटकीची किंवा मुगाची घट्ट उसळ दोन वाट्या घ्या. अंडी चालत असतील तर दोन अंड्यांतून बारा ग्रॅम, १०० ग्रॅम पनीरमधून अठराच्या आसपास. सोयाबीनच्या वड्या अनेकांना आवडत नाहीत, पण कोरड्या ३० ग्रॅम वड्यांत पंधरा ग्रॅम प्रथिनं असतात. गरम पाण्यात भिजवून घट्ट पिळून काळ्या मसाल्याच्या रश्श्यात टाका, चव चांगली लागते. पिठलं रोज चाललं तरी हरकत नाही, तेल मोजून घातलं तर.

जेवणाचा क्रमही बदलून बघा. आधी काकडी, मुळा, मेथीचा पाला, कांद्याची पात असं काहीतरी कच्चं, मग भाजी आणि उसळ, भाकरी शेवटी. भाजी आणि प्रथिनं आधी, पिष्ट नंतर असं खाल्लं तर तेवढ्याच जेवणानंतर साखर कमी चढते, हे प्रयोगांत दिसलेलं आहे. घरी ग्लुकोमीटर असेल तर एक दिवस नेहमीसारखं, एक दिवस या क्रमाने जेवून दोन तासांनी साखर बघा. स्वतःच्या बोटातला आकडा बघितला की माझ्यापेक्षा त्याचं जास्त पटतं. जेवल्यावर दहा-पंधरा मिनिटं चाललात तर आणखी फरक दिसेल.

आता वजन. तुमचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती हे सांगणारा आकडा, ३० येतो. आपल्या लोकांसाठी २३ च्या पुढे वजन जास्त आणि २५ च्या पुढे लठ्ठपणा धरतात, युरोपपेक्षा ही रेघ खाली आहे. कारण समजून घ्यायचं असेल तर पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांचं काम बघा. २००४ मध्ये त्यांचा आणि डॉ. जॉन युडकिन या ब्रिटिश सहकाऱ्यांचा शेजारी-शेजारी उभा असलेला फोटो 'लॅन्सेट'मध्ये छापला होता. दोघांचा बीएमआय एकच, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांच्यात ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्यात २१.२ टक्के. सडपातळ दिसणाऱ्या आपल्या माणसाच्याही अंगात, विशेषतः पोटात, चरबी दडलेली असते. म्हणून मी वजनाबरोबर कंबर मोजायला सांगते : पुरुषांची ९० सेंटिमीटरच्या आत, बायकांची ८० च्या आत.

ही पोटातली चरबी यकृतात आणि स्वादुपिंडात शिरली की यकृत साखर सोडत राहतं आणि इन्सुलिन पुरेसं निघत नाही. ती उतरली तर गाडी मागे फिरू शकते, हे ब्रिटनमधल्या 'डायरेक्ट' अभ्यासाने २०१७ मध्ये दाखवलं. रॉय टेलर आणि माइक लीन यांचा हा अभ्यास सहा वर्षांच्या आत मधुमेह निघालेल्या, इन्सुलिन न घेणाऱ्या माणसांवर होता. वर्षाच्या शेवटी वजन उतरवणाऱ्या गटातल्या ४६ टक्के लोकांचा एचबीए१सी गोळ्यांशिवाय ६.५ च्या खाली होता. ज्यांनी १५ किलो किंवा जास्त कमी केले, त्यांच्यात ८६ टक्के. दुसऱ्या वर्षाअखेर मात्र ४६ चे ३६ टक्के झाले, कारण काहींचं वजन परत चढलं. त्यांनी तीन ते पाच महिने दिवसाला साडेआठशेच्या आसपास उष्मांकांवर, सूप आणि शेकवर काढले होते, तेही देखरेखीखाली. ते घरच्या घरी करू नका. पण तुमचा मधुमेह सहा महिन्यांचा आहे, आणि हीच वेळ सगळ्यांत मोलाची. आठ किलोंनीही साखरेत चांगला फरक पडतो, बारापर्यंत गेलात तर गोळी सुटण्याची आशा धरायला जागा आहे. सगळ्यांची सुटत नाही. कमी गोळ्यांवर साखर ताब्यात राहिली तरी तुमचे डोळे, मूत्रपिंडं आणि पाय वाचतात, हे मी मनापासून सांगते.

वजन न हलण्याचं दुसरं कारण बहुतेक घरांत तेल असतं. माणशी दिवसाला २० ते २५ ग्रॅम धरलं तर चौघांच्या घराला महिन्याला अडीच-तीन लिटर पुरे. तुमच्याकडे किती लागतं ते वाण्याच्या यादीवर बघा. आणि शेंगा चटणी! पौष्टिक आहे, पण १०० ग्रॅम शेंगदाण्यांत साडेपाचशेहून जास्त उष्मांक असतात. चटणी चमचाभर, वाटीभर नाही. साखरेऐवजी गूळ किंवा मध घेत असाल तर तोही सोडा, रक्ताला तिन्ही सारखेच.

उपवास करत असाल तर साबुदाणा पूर्ण बंद. तो जवळजवळ निव्वळ स्टार्च आहे, प्रथिनं नावालाही नाहीत. भगरही पिष्टच. राजगिऱ्याची छोटी भाकरी, ताक, दही, काकडी, मूठभर दाणे, एवढ्यावर एकादशी निभते.

डॉ. जगन्नाथ दीक्षितांची दोन वेळा, पंचावन्न मिनिटांत जेवायची पद्धत कशी, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण पुढे विचारालच. तिच्याने वजन उतरलेली बरीच माणसं मी बघितली आहेत. मधलं चरणं बंद होतं, दिवसभराचे गोड चहा बंद होतात, म्हणून उतरतं. ज्यांना जमतं त्यांनी करावी, फक्त त्या दोन जेवणांत पोटभर पिष्ट भरू नये आणि गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नये.

गोळ्यांबद्दल नीट वाचा. तुमच्या गोळीचं नाव तुम्ही लिहिलं नाहीत. नुसतं मेटफॉर्मिन असेल तर जेवण कमी केल्याने साखर सहसा धोकादायक खाली जात नाही. पण पाकिटावर ग्लिमेपिराइड किंवा ग्लिक्लाझाइड असेल, तर भाकरी निम्मी करण्याआधी डॉक्टरांना फोन करा, डोस कमी करावा लागू शकतो. दरदरून घाम, हात थरथरणं, छातीत धडधड, डोळ्यांपुढे अंधारी असं झालं आणि साखर ७० च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यात घालून लगेच प्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. मोजायला मीटर हाताशी नसेल तर वाट न बघता साखरपाणी घ्या. डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन चालू असेल तर कडक उपास किंवा पिष्ट एकदम तोडणं टाळा. त्यात रक्तातली साखर फार न वाढताही कीटोन (चरबी जळताना तयार होणारी आम्लं) वाढून माणूस गंभीर आजारी पडू शकतो. आणि साखर नॉर्मल आली म्हणून गोळी आपल्या मनाने बंद करू नका.

पुढचा एचबीए१सी आजपासून तीन महिन्यांनी करा. लाल पेशी साधारण १२० दिवस जगतात, त्याआधी केलात तर जुन्या भाकऱ्यांचा हिशेब त्यात मिसळलेला असेल. सोबत हिमोग्लोबिन बघा, कारण लोह कमी असेल तर एचबीए१सी उगाच जास्त दिसतो. आणि डोळ्यांच्या पडद्याची तपासणी अजून झाली नसेल तर ती आधी, याच महिन्यात करा. पडदा आधीच खराब असेल तर साखर झपाट्याने उतरताना तो काही काळ जास्त बिघडू शकतो, आणि अशा वेळी किती वेगाने उतरवायची हे डॉक्टरांनी ठरवलेलं बरं. गोळीचं नाव आणि एका भाकरीच्या पिठाचं वजन इथेच खाली लिहा, म्हणजे तुमच्या जेवणाचं प्रमाण मला जास्त नेमकं सांगता येईल.