पोर्तुगालला कापड आणि वाइन या दोन्ही वस्तू इंग्लंडपेक्षा कमी श्रमात जमतात, मग त्याने इंग्लंडचं कापड का घ्यावं?

कारण कापड विणताना पोर्तुगालला वाइनवर पाणी सोडावं लागतं, आणि खरा खर्च तोच. अर्थतज्ज्ञ डेव्हिड रिकार्डोने १८१७ साली दिलेले आकडेच घ्या. ठरावीक कापडासाठी (त्याला एक नग म्हणू) इंग्लंडमध्ये वर्षभर १०० माणसं लागतात, पोर्तुगालमध्ये ९०. ठरावीक वाइनसाठी (तोही एक नग) इंग्लंडमध्ये १२०, पोर्तुगालमध्ये ८०.

बहुतेक जण ९० आणि १०० ची तुलना करून थांबतात. चूक तिथेच होते. भागाकार एकाच देशातल्या दोन आकड्यांचा करायचा. पोर्तुगालमध्ये एक नग कापड म्हणजे ९०÷८० = १.१२५ नग वाइन गमावणं; इंग्लंडमध्ये १००÷१२० = सुमारे ०.८३. म्हणजे कापड इंग्लंडलाच स्वस्त पडतं. वाइनचं उत्तर आपोआप उलटं येतं.

आता एकास एक अदलाबदल करा. पोर्तुगाल ८० माणसांच्या वाइनवर कापड मिळवतो, १० माणसं वाचली. इंग्लंड १०० माणसांच्या कापडावर वाइन मिळवतो, २० वाचली. भाव एकास एकच हवा असं नाही. एका कापडाला ०.८३ ते १.१२५ वाइन यांच्यामध्ये कुठेही असला तरी दोघांचा फायदा, फक्त वाटणी बदलते. परीक्षेत ही मर्यादा हमखास विसरली जाते.

दोन्ही देशांचं गुणोत्तर सारखंच निघालं तर फायदा शून्य. वाहतूक आणि जकात मिळून हा फरक गिळत असतील तरीही व्यापार होणार नाही. आणि पोर्तुगालच्या विणकराला द्राक्षमळ्यात काम मिळेलच, हे या गणितात गृहीत धरलंय. प्रत्यक्षात ते सहज होत नाही.