स्लाइडमधली पोकळी: चरबी की पाणी?

एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाची पॅथॉलॉजी प्रॅक्टिकल जवळ आली की हा प्रश्न येतोच: फॅटी चेंज (पेशीत चरबी साठणं) आणि हायड्रोपिक चेंज (पेशीत पाणी साठणं), दोन्हींत पेशीत पांढऱ्या पोकळ्या, मग ओळखायचं कसं?

आधी पोकळीचा काठ बघा, मग केंद्रक. चरबीची पोकळी गोल, काठ कंपासने काढल्यासारखा. थेंब मोठा असेल तर केंद्रक कडेला रेटलेलं. पाण्याच्या पोकळ्या बारीक, काठ पुसट, केंद्रक बहुधा जागच्या जागी. तरीही शंका राहिली तर पॅराफिन ब्लॉकवर (मेणात बसवलेल्या तुकड्यावर) ऑइल रेड ओ हा चरबीचा रंग मागू नका. ब्लॉक करताना अल्कोहोल आणि झायलीनने चरबी आधीच धुऊन नेलेली असते, म्हणून तर पोकळी रिकामी दिसते. फॉर्मॅलिनमधला ओला तुकडा शिल्लक असेल तर फ्रोझन सेक्शन (गोठवून कापलेला पातळ छेद) काढून घ्या. त्यावर चरबी लाल उठते. तिसरा उमेदवार ग्लायकोजेन (पेशीतली साठवलेली साखर): पीएएस रंगाने किरमिजी, ते पचवणारं डायस्टेस एन्झाइम दिलं की रंग गायब.

व्हायवात (तोंडी परीक्षेत) कारण विचारतातच. पाण्याचं असं: पेशीला ऊर्जा देणारं एटीपी घटलं की सोडियम-पोटॅशियम पंप मंदावतो, सोडियम आत साठतं आणि त्यामागे पाणी. चरबीचं गणित निराळं. उदाहरणार्थ, कार्बन टेट्राक्लोराइडने यकृतात अपोप्रोटीन बनणं घटतं, मग ट्रायग्लिसराइड बाहेर पडत नाही.

क्लाउडी स्वेलिंग (पेशी फुगून धूसर, दाणेदार दिसणं) लिहिताना मात्र हात आखडता घ्या. दाणेदार सायटोप्लाझम ऑटोलिसिसमध्येही (मेलेली पेशी आपोआप विरघळताना) दिसतो, आणि मे महिन्यातल्या पुण्यात तुकडा तासभर कोरडा पडून राहिला तर तेवढंही पुरतं. तुकडा ४-५ मिमी जाड, १०% फॉर्मॅलिन त्याच्या किमान दहापट. एवढं पाळलेलं नसेल तर त्या स्लाइडवर वाद घालण्यात अर्थ नाही.

हायलिन हे निदान नव्हे, निव्वळ दिसण्याचं वर्णन: एकजिनसी, काचेसारखं, गुलाबी. पेशीच्या आत दिसणाऱ्या मॅलरी बॉडीत केराटिन, रसेल बॉडीत इम्युनोग्लोब्युलिन, म्हणून पेशीच्या आत की बाहेर, हे आधी लिहा. बाहेर असेल तर अमायलॉइडची (पेशींबाहेर साठणाऱ्या विकृत प्रथिनाची) शंका घ्या: काँगो रेड रंग दिल्यावर ध्रुवित प्रकाशात सफरचंदी हिरवा. सेक्शन ८-१० मायक्रॉनचा मागा. नेहमीच्या ३-४ मायक्रॉनवर थोडं अमायलॉइड हमखास निसटतं.

फायब्रॉइडच्या (गर्भाशयातल्या गाठीच्या) ‘रेड डीजनरेशन’ला नावावरून फसू नका. ते मुळात रक्तस्रावी इन्फार्क्शन (रक्तपुरवठा तुटून ऊतक मरणं), म्हणजे नेक्रोसिसच, पेशींचा मृत्यू. पेशी तिथून परत फिरत नाहीत.