वाचकांचे प्रश्न : सर्दीत भरीत बेचव का लागते?

प्रश्न : आमच्याकडे हिवाळ्यात कपाशीच्या वाळलेल्या काड्यांवर भरिताची वांगी भाजतात आणि तो वास गल्लीभर पसरतो. सर्दी झाली असता मात्र तेच भरीत मिळमिळीत लागते, मिरचीचा तिखटपणा तेवढा जाणवतो. नाक वास ओळखून मेंदूला कसा कळवते?
– एक वाचक, यावल (जि. जळगाव)

उत्तर : भाजलेल्या वांग्याचा वास हे एकच द्रव्य नसून हवेत मिसळलेल्या अनेक रसायनांच्या रेणूंचे ते मिश्रण असते. श्वासाबरोबर हे रेणू नाकपोकळीच्या छतापर्यंत पोहोचतात, तेथील ओलसर श्लेष्म्यात विरघळतात आणि चेतापेशींच्या बारीक तंतूंवर असलेल्या, असे रेणू टिपणाऱ्या ग्राहक-प्रथिनांना चिकटतात. माणसात या ग्राहकांचे सुमारे ४०० प्रकार असून एका पेशीवर सहसा एकच प्रकार आढळतो. त्यांची जनुके लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल या शास्त्रज्ञांनी १९९१ मध्ये उजेडात आणली व २००४ चे नोबेल पारितोषिक मिळवले.

रेणू चिकटताच पेशीत विद्युत संदेश उमटतो आणि कवटीच्या तळाशी असलेल्या सच्छिद्र हाडातून वर जाऊन मेंदूच्या गंधकंदात, म्हणजे वासाचे संदेश प्रथम स्वीकारणाऱ्या भागात पोहोचतो. एका प्रकारच्या ग्राहकांचे संदेश तेथे ठरावीक ठिकाणी एकत्र येतात. एक रेणू अनेक ग्राहकांना कमीअधिक चेतवतो आणि एक ग्राहक अनेक रेणूंना प्रतिसाद देतो, त्यामुळे कोणकोणते ग्राहक एकाच वेळी चेतले, या जुळणीवरून मेंदू वास ओळखतो. म्हणूनच मोजक्या प्रकारांच्या बळावर असंख्य वास वेगळे करता येतात. इतर संवेदना थॅलॅमस नावाच्या केंद्रातून पुढे जातात; गंधाचा संदेश मात्र गंधकंदातून थेट गंधाच्या बाह्यकाकडे (मेंदूच्या बाहेरील थरातील वास ओळखणाऱ्या भागाकडे) आणि भावनांशी निगडित अमिग्डलाकडेही जातो. वासाचे नाव सुचण्याआधी आठवण का जागी होते, याचे एक कारण बहुधा हेच असावे.

आता सर्दीविषयी. आपण ज्याला चव म्हणतो, तिचा बराच मोठा भाग वासाचा असतो. घास चावताना सुटणारे रेणू घशामागून वर चढून नाकात जातात. सर्दीत आतील अस्तर सुजते, शेंबूड दाटतो आणि ही वाट अडते. जिभेला खारट, आंबट, गोड, कडू आणि मांसल रुचीच काय ती उरते. मिरचीतील कॅप्सेसिन मात्र वासाच्या वाटेने जात नाही. ते वेदना आणि उष्णता जाणवणाऱ्या चेतातंतूंना डिवचते, म्हणून ठेचा झोंबला याचा अर्थ घ्राणशक्ती शाबूत आहे, असे समजू नये. सर्दी ओसरूनही काही आठवडे वास परतला नाही, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावे.