चांदीला सुटू देणारा कारागीर

प्रश्न : न्यूयॉर्कला लेकीकडे गेले असताना एका संग्रहालयात सॅम क्रेमर या अमेरिकन दागिने-कारागिराचं गळ्यात घालायचं एक पदक पाहिलं. चांदी ओघळल्यासारखी आणि तिच्यात काचेचा डोळा. खाली ‘अतिवास्तववादाचा प्रभाव’ असं लिहिलं होतं. म्हणजे हे चित्रकार साल्वादोर दालीच्या दागिन्यांचंच स्वस्त रूप का? आणि असलं काही अंगावर घालतं कोण? – एक वाचक, नाशिक

उत्तर : स्वस्त रूप मुळीच नाही. अतिवास्तववाद म्हणजे तर्काचा लगाम सोडून, स्वप्नात दिसावं तसं कलेत उतरवणं. मला तर क्रेमर दालीपेक्षा खरा अतिवास्तववादी वाटतो, निदान दागिन्यांत.

दालीचा 1949 चा ‘काळाचा डोळा’ घ्या. प्लॅटिनम, हिरे, बुबुळाच्या जागी घड्याळ, कोपऱ्यात माणिक. काम देखणं आहे, पण दालीने चित्र काढून दिलं आणि घडवलं न्यूयॉर्कच्या कार्लोस अलेमानीने. आराखडा आधीच पक्का, धातूने फक्त हुकूम पाळायचा.

क्रेमर स्वतः ज्योतीसमोर बसायचा. शुद्ध चांदी 961 अंश सेल्सिअसला वितळते. मी रोज चांदीतच काम करते, त्यामुळे त्या आधीचा क्षण माझ्या चांगल्या ओळखीचा आहे : पत्र्यावरून पाऱ्यासारखी लकाकी सरकते, कडा आपसूक गोलावतात. शिकाऊ मुलांना आम्ही इथेच ओरडतो, ज्योत काढा, नग जाईल! क्रेमर इथून पुढे जायचा. तुकडे एकमेकांत विरघळू द्यायचे, ओघळ आणि गाठी होऊ द्यायच्या आणि त्यातून काय दिसतंय ते पाहायचं. पॅरिसचे अतिवास्तववादी मनावरचा लगाम सोडून लिहायचे, रेखाटायचे. क्रेमरने तीच मोकळीक धातूला दिली. अर्थात थांबायचं कुठे हे हाताला कळावं लागतं आणि ते त्याला फार छान कळत होतं.

तुम्हाला खटकलेला डोळा पेंढा भरलेल्या प्राण्यांना बसवतात तसला आहे. सगळ्यांची नजर आधी तिथेच जाते, पण माझ्या मते तो डोळा नसता तरी दागिना तितकाच जिवंत राहिला असता. त्याचं ‘रॉक’ हे पदक पाहा, अरबी कथांतल्या राक्षसी पक्ष्याचं. चांदी, शिंग, पोवळं सगळं एकमेकांतून उगवल्यासारखं आहे, चिकटवलेलं काहीच वाटत नाही.

आता घालणारे. 1939 पासून क्रेमरचं दुकान न्यूयॉर्कच्या ग्रीनिच व्हिलेज या वस्तीत, आठव्या रस्त्यावर होतं. दाराची मूठ म्हणजे ब्रॉन्झचा पंजा, थंडीत त्याला हातमोजा चढवलेला. ‘किंचित वेड्या माणसांसाठी अद्भुत दागिने’ अशी तो जाहिरात करायचा आणि तशी माणसं त्या वस्तीत भरपूर होती : चित्रकार, लेखक, नाचणारे. महायुद्धामुळे युरोपातले अतिवास्तववादी त्याच शहरात येऊन राहिले होते. 1942 मध्ये कलासंग्राहक पेगी गुगेनहाइमने तिथे आपलं कलादालन उघडलं, तेव्हा तिच्या एका कानात इव्ह तांगीचं कर्णभूषण होतं, दुसऱ्यात अलेक्झांडर काल्डरचं. एक अतिवास्तववादी, एक अमूर्त कलेतला, दोघांनाही सारखा मान. 1946 मध्ये तर तिथल्या आधुनिक कला संग्रहालयाने हातघडणीच्या नव्या दागिन्यांचं प्रदर्शनच भरवलं, क्रेमरही त्यात होता.

पण ‘अंगावर’ या तुमच्या शब्दाला खरं उत्तर आर्ट स्मिथने दिलं. जमैकन आई-बापाचा, क्यूबात जन्मलेला, ब्रुकलिनमध्ये वाढलेला हा कृष्णवर्णीय कारागीर. त्यानेही 1946 मध्ये व्हिलेजमध्येच दुकान थाटलं. त्याचं ‘लाव्हा’ नावाचं कंकण मनगटावर थांबत नाही, एकावर एक चढलेल्या लाटांसारख्या आकारांनी कोपराच्या दिशेने हात झाकत जातं. तो नृत्यसंस्थांसाठी दागिने करायचा, म्हणून हात उचलला, मान वळली की नग कसा दिसेल याचा विचार त्याच्या घडणीत आधीपासून असतो. दोन आकारांमधून दिसणारी कातडीसुद्धा त्याच्या लेखी दागिन्याचाच भाग.

पुन्हा लेकीकडे जाल तेव्हा ब्रुकलिन म्यूझियमकडे त्याचे कोणते नग मांडलेले आहेत ते आधी विचारून घ्या. त्यांचा स्मिथचा संग्रह मोठा आहे. शक्य झालं तर नग बाजूने पाहा, समोरून अर्धाच कळतो.