बोगद्याआधीच वेग आवर

चि. यास अनेक आशीर्वाद,

लायसन्स मिळालं, फार आनंद झाला. आता दर शनिवारी साताऱ्याहून पुण्याला स्वतः गाडी घेऊन येणार म्हणतोस, म्हणून हे मुद्दाम लिहितो आहे.

खेड शिवापूर मागे पडलं की कात्रजचा नवा बोगदा लागतो. त्यातून बाहेर आलास की रुंद, गुळगुळीत रस्ता आणि पार नवले पुलापर्यंत उतार. तो उतार डोळ्यांना नीट जाणवत नाही, हाच खरा धोका. ॲक्सिलरेटरवरून पाय काढलेला असतो, तरी काटा चढत राहतो. त्यातून तासभर हायवेवर पळवलेली गाडी ६० वर आणली की थांबल्यासारखीच वाटते. तेव्हा अंदाजावर जाऊ नकोस, काटा बघ. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये याच उतारावर एका अवजड वाहनामुळे वीसहून जास्त गाड्यांचं नुकसान झालं.

इथला वेग बोगद्याच्या आधीच ठरवायचा. तिथेच गिअर खाली घे, म्हणजे इंजिनच गाडी धरून ठेवतं. नुसत्या ब्रेकवर उतरलास तर ब्रेक तापतात आणि ऐनवेळी लागत नाहीत. इंधन वाचतं म्हणून न्यूट्रल करणारे पुष्कळ भेटतील. त्यांचं अजिबात ऐकू नकोस. आजच्या गाड्यांत गिअरमध्ये असताना पाय काढला की इंधन आपोआप बंद होतं. न्यूट्रलमध्येच उलट थोडं जळत राहतं. आणि उतारावर इंजिन बंद तर कधीच करायचं नाही. ब्रेक दगडासारखा घट्ट होतो, स्टीअरिंग जड होतं.

घाईचा हिशेबही एकदा मांडून बघ. ३० किलोमीटरला ८० ऐवजी १०० ने आलास तर वाचतात साडेचार मिनिटं. पण १०० वर नुसता ब्रेककडे पाय जाईपर्यंत, एका सेकंदात, गाडी २८ मीटर पुढे गेलेली असते, आणि ब्रेक लागल्यावर थांबायला ८० च्या मानाने दीडपटीहून जास्त अंतर लागतं. एवढ्यासाठी पुढच्या ट्रकच्या मागे चिकटायचं? त्यापेक्षा घरून पंधरा मिनिटं आधी नीघ. पोहोचायची वेळ आईला नेमकी सांगूच नकोस, ‘संध्याकाळपर्यंत येतो’ एवढंच सांग. म्हणजे वाटेत फोनही येत नाहीत आणि पायही जड होत नाही.

या शनिवारी निघण्याआधी, टायर थंड असतानाच हवा तपासून घे. बोगद्याच्या अलीकडे धाब्यावर मी थांबतो. तिथून पुढे तू चालव, मी शेजारी बसतो.

तुझा,
काका