नातीला घेऊन ती थेट पुण्याला आली तर?

प्रश्न : माझी मुलगी लग्नानंतर अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेला गेली. जावई एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर, ती त्याची बायको म्हणून मिळणाऱ्या एच-फोरवर. नात चार वर्षांची, जन्म तिकडचाच. जावई हात उगारतो हे ती मला गेल्या दिवाळीत पहिल्यांदा बोलली. पैसे मोजून देतो, फोन तपासतो, कोणाकडे जाऊ देत नाही. "तू व्हिसावर आहेस, पोरगी माझ्याकडेच राहणार," म्हणून धमकावतो. घरात सगळ्यांचं मत पडतंय की सुट्टीच्या निमित्ताने दोघींना पुण्याला आणावं आणि परत पाठवूच नये. हे कायद्यात बसतं का?
— एक आई, पुणे

उत्तर : ताई, तिकीट काढलं असेल तर आधी थांबवा. मी कॅलिफोर्नियात कौटुंबिक दावे चालवते, आणि माहेरच्यांचा हाच सल्ला मुलीला सर्वात महागात पडताना पाहते.

मूल सलग सहा महिने ज्या राज्यात राहिलं, तिथल्या न्यायालयाला त्याच्या ताब्याचा निर्णय देण्याचा पहिला अधिकार. नात पुण्याला आली तरी वडील तिथेच असतील, तर पुढचे सहा महिने हा अधिकार कॅलिफोर्नियाकडेच राहतो. जावई दुसऱ्याच दिवशी तिथे दावा लावेल आणि गैरहजर बाजू तुमच्या मुलीची असेल. शिवाय दुसऱ्या पालकाचा हक्क डावलून मूल देशाबाहेर नेणं हा १९९३ पासून अमेरिकेत केंद्रीय गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद. मारहाणीतून पळाले, हा बचाव त्याच कायद्यात आहे. पण बचाव मांडायची वेळ आली म्हणजे आरोप आधी आला. देशाबाहेर नेलेलं मूल परत पाठवायला लावणाऱ्या हेग करारात भारत नाही म्हणून निर्धास्त राहू नका. आपलं सर्वोच्च न्यायालय मुलाचं हित पाहतं, आणि ते दोन्हीकडे झुकू शकतं : २०१७ मध्ये ब्रिटनहून आणलेली मुलगी आईकडेच राहिली, २०१९ मध्ये दुसऱ्या एका आईला दोन मुलांसह अमेरिकेला परतायला सांगितलं.

तिच्या हातातलं खरं हत्यार सॅन होजेतच आहे. सॅंटा क्लारा काउंटीच्या न्यायालयात डीव्ही-१०० हा अर्ज भरून रिस्ट्रेनिंग ऑर्डर, म्हणजे नवऱ्याला तिच्यापासून दूर ठेवणारा संरक्षण आदेश, मागायची. फी नाही. वकील असावा, पण नसला तरी अर्ज घेतात, आणि सुनावणीला दुभाषी मोफत मिळतो. तात्पुरत्या आदेशावर न्यायाधीश त्याच किंवा दुसऱ्या दिवशी निर्णय देतात. पूर्ण सुनावणी साधारण २१ दिवसांत लागते. त्यानंतरचा आदेश पाच वर्षांपर्यंतचा असू शकतो. अर्जासोबत डीव्ही-१०५ जोडला की नातीचा ताबा मागता येतो, आणि जावई नातीला घेऊन निघून जाईल अशी भीती असेल तर डीव्ही-१०८. हा दुसरा अर्ज विसरू नका. मूल घेऊन पळणारे बापही असतात.

तुम्ही लिहिलेले पैसे, फोन, कोणाकडे जाऊ न देणं या गोष्टी किरकोळ समजू नका. जोडीदाराला एकटं पाडणं, पैशांवर आणि हालचालींवर ताबा ठेवणं हे कॅलिफोर्नियाच्या कायद्यात २०२१ पासून स्पष्टपणे कौटुंबिक हिंसेत धरलं जातं.

आता नात कोणाकडे राहणार. कॅलिफोर्नियाच्या कौटुंबिक संहितेचं कलम ३०४४ सांगतं : गेल्या पाच वर्षांत पालकाने जोडीदारावर किंवा मुलावर हिंसा केल्याचं न्यायाधीशांना पटलं, तर त्याच्याकडे ताबा देणं मुलाच्या हिताचं नाही, असं गृहीत धरायचं. फौजदारी शिक्षा झालेली असण्याची गरज नाही. मात्र पहिल्या तात्पुरत्या आदेशाने हे गृहीतक लागू होत नाही, म्हणून सुनावणीला हजर राहणं आणि पुरावा देणं हेच सगळं आहे. आणि ते खोडूनही काढता येतं : हिंसा करणाऱ्यांसाठीचा ५२ आठवड्यांचा वर्ग पूर्ण केला का, पुन्हा हात उचलला का, दारू-नशेचा प्रश्न असेल तर उपचार घेतले का, हे न्यायाधीश तपासतात. कारणं सांगितल्याशिवाय त्यांना गृहीतक बाजूला सारता येत नाही. "मुलाला दोघेही हवेत" एवढं म्हणून तर नाहीच.

कडू गोष्टही सांगते. ताबा तिला मिळाला तरी नातीची वडिलांशी भेट बहुधा बंद होणार नाही. सुरुवातीला तिसऱ्या माणसाच्या देखरेखीखाली भेटी ठरतात. ताब्याबद्दल तडजोड घडवण्यासाठीच्या मध्यस्थीच्या बैठकीत नवऱ्यासमोर बसायची तिला सक्ती नाही, वेगळी वेळ मागता येते. हे तिला आजच सांगा. पुष्कळ बायका तिथेच घाबरून सही करून टाकतात.

व्हिसाची धमकी पोकळ आहे. ताबा व्हिसावर ठरत नाही. घटस्फोट झाला की एच-फोर जातो, हे मात्र खरं. म्हणून इमिग्रेशनचा वकील आधीच गाठायचा. छळ सोसलेल्या एच-फोर पत्नीला कामाचा परवाना मागता येतो, आणि गुन्ह्याच्या बळींसाठी यू-व्हिसा आहे. सॅन होजेच्या परिसरात, म्हणजे बे एरियात, 'मैत्री' ही संस्था १९९१ पासून दक्षिण आशियाई बायकांसाठी काम करते, तिथे आपली भाषा समजणारं कोणी भेटण्याची शक्यता आहे. (न्यू जर्सीच्या वाचकांसाठी : तुमच्याकडे अंतिम संरक्षण आदेशाला मुदतच नसते. राज्य बदललं की कायदा बदलतो, कॅलिफोर्नियाच्या मैत्रिणीचा अनुभव तसाच्या तसा लावू नका.)

भारतात कायमचं यायचं असेल तर तेही मागता येतं, पण न्यायालयाकडे, ताबा ठरल्यावर. नात परत येईल ना, या शंकेने न्यायाधीश इथे हात आखडता घेतात आणि कधी अनामत रक्कमही भरायला लावतात.

तुमच्याकडून दोन कामं. जावई तपासतो त्या फोनवर यातलं काही लिहू नका. तिला मैत्रिणीच्या फोनवरून बोलू द्या. आणि तिने आजवर पाठवलेले संदेश, फोटो, व्हॉइस नोट तारखांसकट जपा, एकही पुसू नका. मराठी संदेशांचं प्रमाणित भाषांतर लागेल, त्याला वेळ लागतो. ते आत्ताच करायला द्या.