भूक परत आली, आता तिचीच भीती वाटते

खाण्याच्या आजारांवरच्या लेखानंतर आलेल्या पत्रांपैकी तीन या वेळी घेतेय. पहिल्या पत्रासारखी बरीच पत्रं आहेत म्हणून त्याला जास्त जागा दिलीय, बाकीच्यांनी त्यातच आपलं उत्तर शोधावं.

प्रश्न : ताई नमस्कार. माझं वय २४, पुण्यात आयटीत जॉब करते, घर साताऱ्याकडे. कॉलेजच्या शेवटच्या वर्षापासून मला अ‍ॅनोरेक्सिया (वजन वाढायच्या भीतीने खाणं तोडायचा आजार) होता, पाळी बंद झालेली, केस गळायचे, एकदा चक्कर येऊन पडले तेव्हा घरी कळलं. आता सायकियाट्रिस्ट आणि डाएटिशियन दोघांकडे जाते आणि वजन बऱ्यापैकी भरून आलंय. पण आता उलटंच सुरू झालंय, मला सारखी भूक लागते. जेवून उठले की तासाभरात परत काहीतरी हवं असतं, रात्री रूमवर शेंगदाण्याचा एक लाडू खायला घेतला की तीन होतात आणि मग रडत बसते. मी हावरट झालेय का? गावी गेले तेव्हा आत्या म्हणाली "बरं झालं, आता जरा अंगाने भरलीस", त्या रात्री मी जेवलेच नाही. आणि नवरात्रात आमच्याकडे सगळ्या बायका नऊ दिवस उपास करतात, आई म्हणते तू निदान उठता-बसता तरी धर. धरू का?
— नाव छापू नये

उत्तर : उपासाचं आधी सांगते, नवरात्र तोंडावर आलंय. नको धरू. उठता-बसताही नको आणि संकष्टीही नको, निदान तुझी ट्रीटमेंट टीम हो म्हणेपर्यंत तरी नको. आईला वाटेल की साबुदाण्याची खिचडी, भगर, शेंगदाण्याची आमटी, बटाट्याचा कीस असं सगळं तर असतं मग बिघडतंय काय, आणि तसं बघितलं तर पोटात जाणारं अन्न खरंच कमी नसतं. पण तुझ्या आजाराला फक्त एवढंच पाहिजे असतं की "आज हे चालत नाही" असं म्हणायची सोय परत मिळावी, आणि ती देवाच्या नावाने मिळाली की घरात कुणी त्यावर बोट ठेवत नाही, उलट कौतुकच होतं. ज्यांना हा आजार झालाय अशा कित्येक मुलींचं जेवण सोडणं उपासांच्या आडोशाने महिनोन्‌महिने कुणाच्या लक्षातच येत नाही. आजारी माणसाला, गरोदर बाईला, लहान मुलांना आपल्याकडे उपासातून पहिल्यापासून सूट आहे आणि तू आजारातून उठतेयस, हे आईला सरळ सांग. ती ऐकत नसेल तर पुढच्या अपॉइंटमेंटला तिला बरोबर ने, डॉक्टरांच्या तोंडून ऐकलं की पटतं. घटाला माळ तू घाल, आरतीला उभी राहा, फक्त नऊही दिवस वेळेवर जेव.

आता भुकेचं. तू हावरट झालेली नाहीस आणि हे मी तुला बरं वाटावं म्हणून म्हणत नाहीये, याचा फार जुना आणि पक्का पुरावा आहे. दुसरं महायुद्ध चालू असताना १९४४ च्या शेवटी अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज नावाच्या संशोधकाने ३६ तरुणांवर एक प्रयोग सुरू केला. युद्धात लढायला नकार दिलेली ही पोरं, शरीराने मनाने धडधाकट, मुद्दाम तशीच निवडलेली. युरोपात उपासमार झालेल्या लोकांना परत कसं खायला घालायचं ते शोधायचं होतं म्हणून आधी या पोरांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं. त्यांचं साधारण एक चतुर्थांश वजन उतरलं, आणि मग जे काय झालं ते वाचताना तुला तुझीच डायरी वाचतेय असं वाटेल. दिवसभर खाण्याच्याच गप्पा, ज्यांनी जन्मात कधी स्वयंपाक केला नाही ते रेसिपीची पुस्तकं जमवायला लागले, एकेक जेवण तास-दोन तास लांबवायचं, ताटल्या चाटायच्या, सारखं च्युइंगम चघळायचं, चिडचिड, उदास, लोकांत मिसळायला नको. यातल्या कुणालाही आधी खाण्याचा कसलाही त्रास नव्हता, बारीक व्हायची हौस तर अजिबातच नव्हती. नुसत्या उपासमारीने माणसाचं डोकं असं होतं.

पण तुझ्यासाठी त्याच्या पुढचा भाग महत्त्वाचा आहे. प्रयोग संपून त्यांना हवं तेवढं खायची मोकळीक मिळाली तेव्हा त्यातले कितीतरी जण पोटात जागा उरेनाशी होईपर्यंत खायचे आणि तरी म्हणायचे भूक आहे. पोट भरलेलं आणि भूक मात्र तशीच. काहींना आपण पोटावर आणि पार्श्वभागावर जाड होतोय असंही वाटायला लागलं. हे बरेच महिने चाललं आणि मग हळूहळू निवळलं. तुझी आत्ताची भूक तीच आहे. शरीराने इतके दिवस स्नायूंतून, हाडांतून, हृदयातून काढून काढून दिवस ढकलले, ते सगळं भरायचंय, आणि वजनाचा काटा डॉक्टरांनी सांगितलेल्या आकड्याला पोचला म्हणजे आतली दुरुस्ती झाली असं नसतं. पाळी परत आली का ते तू लिहिलं नाहीस. आली नसेल तर डॉक्टरांना आवर्जून सांग आणि हाडांच्या डेन्सिटीची तपासणी करायची का तेही विचार, पाळी फार दिवस बंद राहिली की हाडं ठिसूळ होतात आणि वरून काही कळत नाही.

मग करायचं काय तर जास्त खायचं, पण दिवसा आणि ठरवून. मला जवळपास खात्री आहे की तुझं रात्रीचं जेवण अजून भीतभीत होतंय, एक पोळी आणि भाजी, भात नाही, वरणावर तूप नाही असं काहीतरी, आणि त्याचीच वसुली नंतर लाडवातून होते. सध्या तुझं भुकेचं आणि पोट भरल्याचं भान गडबडलेलं आहे म्हणून काही महिने घड्याळावर जेवायचं. ऑक्सफर्डच्या ख्रिस्तोफर फेअरबर्न यांनी या आजारांसाठी जी थेरपी बसवली तिच्यातही अगदी सुरुवातीला हेच करून घेतात, तीन जेवणं आणि मध्ये दोन-तीन वेळा खाणं, दोन्हींत तीन-चार तासांच्या वर गॅप नाही. सकाळी पोहे-उपमा काहीही आणि त्यासोबत दूध, अकराला केळं किंवा चिक्की, दुपारी डबा पूर्ण म्हणजे भातासकट, पाचला चहाबरोबर काहीतरी खरोखरचं, नुसता चहा नाही, रात्री नीट जेवण आणि झोपताना दूध. काय आणि किती ते तुझी डाएटिशियन सांगेल, माझं म्हणणं फक्त वेळेबद्दल आहे. आणि लाडू या यादीत उघडपणे आला पाहिजे, पाचच्या चहाबरोबर, ऑफिसातल्या मैत्रिणीसोबत बसून दोन लाडू खा. बंदी असलेली वस्तू रात्री एकटीने खाल्ली की ती चोरी वाटते, तीच दिवसा चारचौघांत खाल्ली की काही दिवसांनी तो नुसता लाडू होतो. भीती वाटणाऱ्या बाकीच्या गोष्टी, भात, तूप, वडापाव, जे असेल ते, एकेक करून अशाच आणायच्या. पहिल्या काही वेळा घाबरायला होईल, घाबरत घाबरत खाल्लं तरी ते खाल्लेलंच असतं.

आत्याने मायेनेच म्हटलं असणार पण तू जेवली नाहीस हे वाचून मला वाईट वाटलं. असं कुणी बोललं की पुढचं जेवण त्याच वेळेला तेवढंच करायचं हा एक नियम घालून घे, बाकी रडू आलं तर रड, चिडायचं तर चीड. शक्य असेल तर गावी जायच्या आधी आईला फोन करून सांगून ठेव की माझ्या शरीराबद्दल कुणी काहीच बोलायचं नाही, बारीक नाही आणि भरलेली नाही, चांगलं सुद्धा नको. नातेवाईकांना हे आईने सांगायचं, तू नाही.

प्रश्न : माझी मुलगी १५ वर्षांची, दहावीला आहे, आम्ही कोल्हापूरला असतो. खाणं बंद करून करून ती पार वाळली. डॉक्टर म्हणाले घरीच उपचार करू, आईवडिलांनी समोर बसून जेवायला घालायचं. रोज ताटावरून रडारड होते, पोळीचं तूप पुसून काढते, दोन घासांत पोट फुगलं म्हणते. मिस्टर म्हणतात एवढी मागे लागू नकोस, भूक लागली की खाईल. मला कळत नाही मी छळते की काय तिला.
— एक आई

उत्तर : तुम्ही छळत नाही आहात. भूक लागली की खाईल हे निरोगी मुलांच्या बाबतीत खरं आहे. तुमच्या मुलीला भूक लागते तेव्हाच तर आजार तिला जास्त घाबरवतो, त्यामुळे तिने आपणहून खावं म्हणून थांबणं म्हणजे आजारालाच वेळ देणं आहे, आणि मानसिक आजारांमध्ये सगळ्यात जास्त जीव घेणाऱ्यांत हा आजार मोडतो हे तुमच्या मिस्टरांना वाचून दाखवा. डॉक्टरांनी सांगितलेली पद्धत लंडनच्या मॉड्स्ली हॉस्पिटलमध्ये १९८० च्या दशकात तयार झाली आणि या वयाच्या मुलामुलींसाठी आज तीच बहुतेक ठिकाणी आधी वापरतात. सुरुवातीला खाण्याचे सगळे निर्णय आईवडिलांचे, वजन आणि तब्येत सावरत गेली की ते थोडे थोडे मुलीच्या हातात परत द्यायचे, आणि मग तिच्या वयाचे बाकीचे प्रश्न. सहा महिने ते वर्ष धरून चाला.

पण यात दोघांचं एकमत लागतं. एक म्हणतोय खा आणि दुसरा म्हणतोय राहू दे, तर तिच्यातला आजार बरोबर दुसऱ्याच्या आडोशाला जातो. ताट तुम्ही वाढायचं, ती स्वयंपाकघरात नको. तूप पोळीला वरून लावण्यापेक्षा कणकेत तेल, वरणात तूप, भाजीत दाण्याचं कूट असं आत घाला, मात्र तिने विचारलं तर खोटं बोलू नका, "हो, घातलंय, तुला गरज आहे" एवढंच शांतपणे. कॅलरीवर वाद घालायचा नाही, तो कधीच जिंकता येत नाही. जेवताना शाळेचं, मैत्रिणींचं, टीव्हीचं काहीही बोला, आणि जेवण झाल्यावर तासभर कुणीतरी तिच्यासोबत बसा, पत्ते खेळा, कारण त्या वेळात तिचा जीव सगळ्यात जास्त कासावीस होतो. पोट फुगतं हे ती खोटं सांगत नाही. फार दिवस कमी खाल्लं की जठर सावकाश रिकामं होतं, थोड्याशाने गच्च वाटतं. नियमित खाल्ल्यानेच काही आठवड्यांत ते सुधारतं, तोवर थोडं थोडं पण जास्त वेळा द्या, गरम पाण्याची पिशवी द्या.

एक मात्र नीट लक्षात ठेवा. फार दिवस उपाशी असलेल्या शरीरात एकदम भरपूर अन्न गेलं की रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम झपाट्याने खाली येऊ शकतं आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात, त्यामुळे सुरुवातीचे दिवस किती वाढवायचं ते डॉक्टरांनाच ठरवू दे आणि सांगितलेल्या रक्ताच्या तपासण्या एकही चुकवू नका. ती बेशुद्ध पडली, पायावर सूज आली, छातीत धडधडलं, जागेपणी बसल्या जागी नाडी मिनिटाला ५० च्या खाली गेली किंवा तिने पाणीसुद्धा घ्यायचं बंद केलं, तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही, त्याच दिवशी हॉस्पिटल. दहावीचं वर्ष आहे हे मला कळतंय. त्यासाठीही उपचार थांबवू नका, उपाशी मेंदूला अभ्यास जमत नाही.

प्रश्न : ताई, मी मुलगा आहे म्हणून कुणाला सांगितलं नाही. वय २६, पुण्यात स्पर्धा परीक्षा करतो. पीएसआयच्या फिजिकलसाठी वजन कमी करायला घेतलं, दिवसभर काही खात नाही, मग रात्री मेसवर आणि नंतर गाड्यावर इतकं खातो की शेवटी उलटी काढतो. गाल सुजल्यासारखे दिसतात, दात शिवशिवतात. घरून पैसे मोजकेच येतात.

उत्तर : मुलांनाही होतो रे हा आजार, फक्त ते सांगत नाहीत आणि त्यामुळे उपचारही उशिरा होतात, तू लिहिलंस हे फार चांगलं केलंस. याला बुलिमिया म्हणतात, १९७९ मध्ये जेराल्ड रसेल या डॉक्टरने तो पहिल्यांदा नीट मांडला, आणि तो बरा होतो. उलट्यांनी पोटॅशियम कमी होतं आणि त्याचा थेट हृदयावर परिणाम होतो, म्हणून याच आठवड्यात रक्ताची तपासणी आणि ईसीजी करून घे आणि रिपोर्ट येऊन डॉक्टर हो म्हणेपर्यंत पळायचा सराव बंद. खर्चाची काळजी आहे तर ससूनला मानसोपचार विभागाच्या ओपीडीत केसपेपर काढ, तिथे लाजू नको, उलट्यांचं स्पष्ट सांग. आत्ता कुणाशी तरी बोलावंसं वाटलं तर १४४१६ हा सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा नंबर आहे, २०२२ पासून सुरू आहे, फुकट आहे, रात्रीबेरात्री लागतो आणि मराठीत बोलता येतं.

रात्रीच्या खाण्यावर ताबा ठेवायचा प्रयत्न तू केला असशीलच. तो रात्री जमत नाही कारण दिवसभर पोट रिकामं असतं, म्हणून उद्यापासून सकाळचा नाश्ता आणि दुपारची मेस, दोन्ही, आदल्या रात्री काहीही झालं असलं तरी. आदल्या रात्री खाल्लं म्हणून आज उपाशी राहिलास की आज रात्री परत तेच होणार. उलटी झालीच तर लगेच ब्रश करू नको, पोटातल्या अ‍ॅसिडने दातांचं वरचं कवच मऊ झालेलं असतं ते ब्रशने आणखी घासलं जातं, नुसत्या पाण्याने चूळ भर. दातांच्या डॉक्टरलाही कारण खरं सांग. रिपोर्ट आले की मला परत लिही, फिजिकलचं काय करायचं ते तेव्हा बघू.